मद्यमुक्ती आधारगट

मद्यमुक्ती आधारगट म्हणजे दारूचे व्यसन सोडू इच्छिणाऱ्या आणि सोडलेल्या व्यक्तींनी परस्परांच्या आधाराने दारूपासून दूर राहण्यासाठी ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी एकत्र जमण्याची व्यवस्था होय. अशा गटांपैकी जगभर सर्वाधिक पसरलेली संघटना म्हणजे १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (संक्षेपाने ए.ए.). भारतात तिचे कार्य १९५७ पासून चालू आहे. महाराष्ट्रात ए.ए.च्या गटांबरोबरच पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या संस्थांचे पाठपुरावा गटही काम करतात. सभेचे स्वरूप, ती शोधण्याचे मार्ग आणि अकोला जिल्ह्यातील पातूरसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या माणसाला या शोधात येणाऱ्या अडचणी यांची माहिती या लेखात दिली आहे.

‘स्वमदत गट’ ही संज्ञाही याच अर्थाने वापरली जाते. मात्र ग्रामीण महाराष्ट्रात ‘गट’ म्हटले की महिलांचा बचत गट प्रथम आठवतो. सदस्य आपसांत बोलताना सरळ ‘मीटिंग’ म्हणतात. या लेखात त्यासाठी ‘सभा’ हा शब्द योजला आहे.

पार्श्वभूमी

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे १४.६ टक्के भारतीय मद्यपान करतात. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के, तर स्त्रियांत १.६ टक्के आढळले. सुमारे ५.७ कोटी लोकांना मद्यपानाच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे, असा अंदाज या सर्वेक्षणाने दिला. त्यातील सर्वांत बोलका आकडा उपचारांविषयीचा आहे. दारूवर पूर्णतः अवलंबून झालेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार किंवा साहाय्य मिळाल्याचे दिसून आले. आजार मोठा आहे, उपायही ज्ञात आहेत; परंतु माणूस आणि उपाय यांची गाठ पडत नाही.

वऱ्हाडाला दारूविरोधी प्रबोधन नवे नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) वऱ्हाडी बोलीतील कीर्तनांतून श्रोत्यांना प्रश्न विचारत दारू, कर्ज आणि पशुबळी यांवर आयुष्यभर प्रहार केले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) ग्रामसुधारणेच्या कार्यातही व्यसनमुक्तीला स्थान होते. पुढच्या काळात गावोगावच्या स्त्रियांनी मतदानाने ‘आडवी बाटली’ करून दारूची दुकाने बंद पाडण्याचा मार्ग अवलंबिला. या सर्व प्रयत्नांत दारूविरुद्ध बोलणारा बहुधा न पिणारा असतो. आधारगटात बोलणारा आणि ऐकणारा दोघेही पिणारे, किंवा कालपर्यंत पीत असलेले असतात. आधारगटाचे वेगळेपण येथे आहे.

दारू सोडण्याची परंपरागत रीत म्हणजे शपथ. तुळशीची माळ घालणे, देवापुढे नारळ ठेवून वचन देणे, लेकराच्या डोक्यावर हात ठेवणे हे प्रकार घरोघरी परिचित आहेत. माळेने अनेकांची दारू सुटली आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु शपथ जन्मभरासाठी असते आणि ती एकट्याने पाळायची असते. ती मोडली की लाज वाटते आणि लाजेपोटी माणूस पुन्हा पितो. आधारगटातील संकल्प केवळ आजच्या दिवसाचा असतो, तो चारचौघांच्या सोबतीने पाळला जातो, आणि मोडल्यास त्याच चारचौघांत परत येऊन सांगता येतो.

उगम

ए.ए.चा इतिहास हाच मुळात एका शोधाचा इतिहास आहे. न्यूयॉर्कचा शेअर बाजारातील व्यावसायिक बिल विल्सन १९३५ च्या मे महिन्यात व्यवसायाच्या कामासाठी ओहायो राज्यातील अक्रन या शहरात आला होता. काम फसले. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते आणि उतरलेल्या हॉटेलच्या मद्यगृहातून हसण्याबोलण्याचा आवाज येत होता. या क्षणी आपल्याला उपदेशकाची गरज नसून आपल्यासारख्याच दुसऱ्या मद्यपीशी बोलण्याची गरज आहे, हे त्याने ओळखले. हॉटेलात लावलेल्या चर्चच्या यादीवरून त्याने दूरध्वनी करायला सुरुवात केली. एका धर्मगुरूमार्फत त्याचा हेन्रिएटा सायबरलिंग या महिलेशी संपर्क झाला आणि त्यांनी शहरातील शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी त्याची भेट घडवून आणली. डॉ. स्मिथ यांनी पंधरा मिनिटेच बसण्याच्या अटीवर भेटीला होकार दिला होता; दोघे सहा तासांहून अधिक काळ बोलत बसले. डॉ. स्मिथ यांनी अखेरचा प्याला घेतला तो दिवस, १० जून १९३५, हा ए.ए.चा स्थापना दिन मानला जातो. (तुकडोजी महाराजांनी अमरावती जिल्ह्यात मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला तेही हेच वर्ष, दोन्ही घटनांचा परस्परांशी अर्थातच संबंध नाही.)

१९३९ मध्ये संघटनेचे मूळ पुस्तक प्रसिद्ध झाले. सदस्याने वैयक्तिक सुधारणेसाठी क्रमाने आचरायच्या ‘बारा पायऱ्या’ त्यात आहेत. गटांनी आपसांत व समाजाशी कसे वागावे हे सांगणाऱ्या ‘बारा परंपरा’ १९५० मध्ये स्वीकारण्यात आल्या. डॉ. स्मिथ यांचे त्याच वर्षी निधन झाले; विल्सन १९७१ मध्ये वारले. अमेरिकन वैद्यकीय संघटनेने मद्यासक्तीला आजार म्हणून मान्यता दिली ती १९५६ मध्ये, म्हणजे ए.ए. सुरू झाल्यानंतर दोन दशकांनी.

भारतातील सुरुवातही अशाच शोधातून झाली. दिल्लीत कॅनडाच्या दूतावासात नेमणुकीवर आलेल्या एका सदस्याने वृत्तपत्रांत छोट्या जाहिराती देऊन आपल्यासारख्या मद्यपींना संपर्काचे आवाहन केले. त्यातून मुंबईच्या एका व्यक्तीशी पत्रव्यवहार जुळला आणि १९५७ मध्ये मुंबईत कार्य रुजले. ए.ए.चे भारतातील मध्यवर्ती सेवा कार्यालयही मुंबईतच आहे.

महाराष्ट्रातील दुसरा महत्त्वाचा प्रवाह मुक्तांगणचा. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात हे केंद्र सुरू केले. तेथे निवासी उपचार दिले जातात. व्यसनातून बाहेर पडलेल्या अनेकांनी पुढे तेथेच कार्यकर्ते म्हणून काम केले आहे. उपचार संपवून घरी गेलेल्यांसाठी राज्यातील विविध शहरांत पाठपुरावा सभा घेतल्या जातात. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट आहे. ए.ए. हा निव्वळ सदस्यांचा मेळा आहे, तर मुक्तांगण ही डॉक्टर व समुपदेशक असलेली संस्था आहे. हा फरक लक्षात न घेतल्यास नवख्या माणसाची अपेक्षा चुकते: ए.ए.च्या सभेत औषध मिळत नाही, खाट मिळत नाही आणि कोणी तपासणीही करत नाही.

अनामिकता आणि तिची दुसरी बाजू

संघटनेच्या नावातील ‘अ‍ॅनॉनिमस’ या शब्दाचा अर्थ अनामिक किंवा निनावी असा आहे. सभेत आडनाव, गाव, हुद्दा सांगण्याची गरज नसते. हजेरीपट नसतो, अर्ज नसतो, ओळखपत्र मागितले जात नाही. सभेत जे ऐकले आणि जो दिसला, ते बाहेर सांगायचे नाही, हा अलिखित पण कसोशीने पाळला जाणारा दंडक आहे. वृत्तपत्रे व इतर माध्यमांत सदस्याने आपले पूर्ण नाव आणि छायाचित्र ए.ए.चा सदस्य म्हणून येऊ देऊ नये, असेही परंपरा सांगते.

लहान गावासाठी ही तरतूद जीवनावश्यक आहे. पातूर हे तालुक्याचे ठिकाण अकोल्याच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटर अंतरावर, अकोला–वाशीम मार्गावर वसले आहे. प्राचीन लेण्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. अशा गावात शिक्षक, दुकानदार, तलाठी, ट्रॅक्टरचालक हे सारे एकमेकांना नावानिशी ओळखतात. कोण पितो हे गावाला ठाऊक असतेच. बस थांब्यापासून घरापर्यंत झोकांड्या खात गेलेल्या माणसाचे गुपित उरलेले नसते. तरीही ‘अमक्याने दारू सोडायचे मनावर घेतले’ ही बातमी त्या माणसाला अधिक अवघड वाटते. पिण्याबद्दल गाव हसते. सोडण्याचा प्रयत्न फसल्यावर गाव दुप्पट हसेल, ही धास्ती असते. मुलीच्या सोयरिकीचा, उधारीच्या पतीचा आणि नोकरीतील तक्रारीचा विचार त्यात मिसळतो. नाव न विचारणारी सभा ही धास्ती पुष्कळ कमी करते.

परंतु जी गोष्ट सभेला येणे शक्य करते, तीच गोष्ट सभा सापडणे अवघड करते. गट मोठे फलक लावत नाहीत, मिरवणूक काढत नाहीत, पुढाऱ्यांना बोलावत नाहीत. शाळेच्या खोलीत, चर्चच्या दालनात किंवा रुग्णालयाच्या कोपऱ्यात तासदीड तास माणसे बसतात आणि उठून जातात. शेजारच्या गल्लीला त्याचा पत्ता नसतो. त्यामुळे ‘आमच्याकडे असले काही नाही’ हे उत्तर अनेकदा माहितीअभावी दिलेले असते. शेजाऱ्याने नाही म्हटले एवढ्यावर शोध थांबवणे योग्य नव्हे.

सभा शोधणे

सर्वांत थेट मार्ग ए.ए.च्या भारतातील मध्यवर्ती सेवा कार्यालयाचा आहे. त्याच्या संकेतस्थळावर गटांची व संपर्काची माहिती असते. दूरध्वनीवर बोलणारी व्यक्ती बहुधा स्वतः सदस्यच असते. चौकशी करताना चार गोष्टी विचारून घ्याव्यात. सभा कोणत्या वारी व किती वाजता असते, कोणत्या भाषेत चालते, ती सर्वांसाठी ‘खुली’ आहे की केवळ मद्यपींसाठीची ‘बंद’ आहे, आणि इमारतीत नेमके कोठे शिरायचे. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण दार न सापडल्याने फाटकापासून परत गेलेले नवखे थोडे नसतात. शाळेच्या खोलीतील सभा परीक्षा किंवा सुट्टीमुळे दुसरीकडे हलवलेली असू शकते. म्हणून निघण्यापूर्वी त्याच दिवशी एकदा फोन करणे हिताचे.

दुसरा मार्ग सरकारी दूरध्वनी सेवांचा. व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय निःशुल्क सेवा १४४४६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. येथे समुपदेशन होते आणि जवळच्या उपचार केंद्राची माहितीही मिळू शकते. फोन करणाऱ्याने संकोच बाळगण्याचे कारण नाही; पत्नी, भाऊ किंवा मुलगाही चौकशी करू शकतो.

तिसरा मार्ग रुग्णालयाचा. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व सर्वोपचार रुग्णालय आहे. मनोविकार विभागातील डॉक्टर, परिचारिका आणि समाजसेवा अधीक्षक यांना परिसरातील गटांची माहिती असण्याचा संभव इतर कोणाहीपेक्षा अधिक, कारण ए.ए.चे सदस्य रुग्णालयांत जाऊन रुग्णांना भेटण्याचे काम जगभर करीत आले आहेत. गावपातळीवर आशा कार्यकर्ती व प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी पुढचा रस्ता दाखवू शकतात.

पातूर तालुक्यातील माणसासाठी शोध अकोल्यापासून सुरू करणे सोयीचे. त्यानंतर वाशीम आणि अमरावती. आलेगाव, बाभूळगाव किंवा सस्ती येथून निघणाऱ्याला आधी पातूर गाठावे लागते. सभा बहुतेक वेळा संध्याकाळी असतात, म्हणून परतीच्या गाडीची वेळ आधीच पाहून ठेवावी. हा तपशील विश्वकोशीय लेखाला साजेसा नाही असे कोणाला वाटेल. परंतु गाडी चुकली, रात्र स्थानकावर काढावी लागली आणि स्थानकाबाहेर दुकान उघडे असले, तर सभेतून मिळवलेले सारे तेथेच गमावण्याची भीती असते. रोजमजुरी करणाऱ्याला भाड्याचे पैसे आणि बुडालेला अर्धा रोज हाही विचार करावा लागतो. अमेरिकेत नवख्याला पहिल्या नव्वद दिवसांत नव्वद सभा करण्याचा सल्ला देण्याची प्रथा आहे. तालुक्याच्या गावातून ती पाळणे अशक्य आहे. येथे आठवड्यातून एक प्रत्यक्ष सभा, मधल्या दिवसांत सदस्यांशी फोनवरील बोलणे आणि मोबाइलवरील ऑनलाइन सभा असा मेळ घालणेच व्यवहार्य ठरते. करोनाच्या साथीनंतर, म्हणजे २०२० पासून, ऑनलाइन सभांचे प्रमाण पुष्कळ वाढले. मराठी व हिंदीतील अशा सभांना पातूरच्या घरातूनही उपस्थित राहता येते. मात्र लहान घरात एकांत मिळत नाही. शेताच्या बांधावर किंवा गच्चीवर बसून कानाला श्रवणयंत्र लावणे हा त्यावरचा साधा उपाय.

ओळखीचे कोणी भेटेल या भीतीने काही जण मुद्दाम लांबच्या शहरातील सभा निवडतात. त्यात गैर काही नाही. पण बंद सभेत भेटलेला ओळखीचा माणूसही त्याच कारणासाठी तेथे आलेला असतो.

दारू अचानक बंद करण्यातील धोका

सभेला जाण्याच्या उत्साहात अनेक जण आदल्या दिवशीच दारू पूर्ण बंद करतात. रोज भरपूर आणि वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकते. शेवटच्या प्यालानंतर साधारण सहा ते चोवीस तासांत हातांची थरथर, घाम, मळमळ, धडधड आणि निद्रानाश सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत अपस्मारासारखे झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू येतात, माणूस दिवस-वेळ विसरतो, ताप येतो. या अवस्थेस कंपोन्माद म्हणतात. उपचार न झाल्यास त्यात मृत्यू संभवतो. खेड्यात हे ‘बाहेरचे’ समजून मांत्रिकाकडे नेण्यात मोलाचे तास जातात. झटका किंवा भ्रम दिसताच रुग्णाला रुग्णालयातच नेले पाहिजे. तेथे झटके रोखणारी औषधे आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली जातात.

म्हणून पूर्वी झटके आलेल्यांनी, सकाळी उठल्याबरोबर प्यावी लागणाऱ्यांनी आणि यकृताचा किंवा अन्य आजार असलेल्यांनी आधी डॉक्टर गाठावा, मग सभा. दोन्ही एकत्रही चालू शकतात. ए.ए. औषधोपचाराच्या विरोधात नाही. मात्र एखादा उत्साही सदस्य ‘गोळ्या सोडून दे’ असे सांगू लागला तर ते त्याचे वैयक्तिक मत समजावे. औषधांचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

याच संदर्भात ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींचा उल्लेख आवश्यक आहे. चहातून किंवा भाजीतून गुपचूप द्यायच्या पुड्यांत काय असते याची खात्री नसते. डायसल्फिरॅम हे खरे औषध आहे, पण ते घेतलेल्या माणसाने दारू घेतली तर चेहरा लाल होणे, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब एकाएकी उतरणे असे परिणाम होतात आणि क्वचित प्राणही जातो. ते रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने व डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

सभेत काय घडते

सभा साधारण एक ते दीड तास चालते. खुर्च्या बहुधा गोलाकार किंवा रांगेत मांडलेल्या असतात, एका टेबलावर पुस्तिका असतात, चहा असतो. अध्यक्ष म्हणून बसणारी व्यक्ती सदस्यांपैकीच एक असते आणि ते काम आळीपाळीने फिरते. आरंभी काही क्षण शांतता पाळली जाते आणि प्रार्थना होते. संध्याकाळी एकत्र बसून मौन व प्रार्थना करण्याची सवय गुरुदेव सेवा मंडळांच्या सामुदायिक प्रार्थनेमुळे वऱ्हाडातील कित्येक गावांना आहे. त्यामुळे हा भाग येथील माणसाला परका वाटत नाही. त्यानंतर संघटनेचा परिचय व बारा पायऱ्या वाचल्या जातात.

मुख्य भाग अनुभवकथनाचा, सदस्यांच्या भाषेत ‘शेअरिंग’चा. बोलणारा आपले पहिले नाव सांगतो, आपण मद्यपी असल्याचे म्हणतो आणि आपली हकीकत सांगतो: पूर्वी काय होते, काय घडले, आता कसे आहे. कोणी मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, खरेखोटे काढत नाही. वाद घालायची सवय असलेल्या चावडीच्या संस्कृतीत हा नियम नवख्याला चमत्कारिक वाटतो, पण सभेचे बळ बव्हंशी त्यातच आहे. पगाराच्या दिवशी घरी पोचेपर्यंत रिकामा झालेला खिसा, बायकोच्या डोरल्याचे झालेले काय, पोराच्या शाळेत गेल्यावर पोराने फिरवलेली मान, अशा गोष्टी दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ‘हे तर माझेच’ असे वाटू लागते. डॉक्टरांच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या बोलण्याने हे घडत नाही, कारण त्यांच्यापुढे पिणारा माणूस आरोपी असतो.

नवख्याने बोललेच पाहिजे असे नाही. नाव सांगून ‘आज फक्त ऐकतो’ एवढे म्हटले तरी चालते. सदस्यत्वाची अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. दारू सुटलेली असणे ही अट नाही. जात, धर्म, पक्ष, शिक्षण यांचा संबंध नाही. शुल्क नाही. शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो, त्यात सदस्य ऐपतीप्रमाणे पैसे टाकतात. खोलीचे भाडे, चहा, पुस्तिका यांचा खर्च त्यातून भागतो. पहिल्यांदा आलेल्याने काही टाकले नाही तरी कोणी पाहत नाही. बाहेरची देणगी किंवा अनुदान ए.ए. घेत नाही, त्यामुळे कोणाचे उपकारही तिच्यावर नसतात.

सभा संपल्यावरची दहा मिनिटे सभेइतकीच महत्त्वाची असतात. फोन क्रमांक तेव्हाच दिले-घेतले जातात. अनुभवी सदस्याला मार्गदर्शक सोबती म्हणून निवडण्याची पद्धत आहे. त्याला ‘स्पॉन्सर’ म्हणतात. रात्री दहाला तलफ आली तर प्याल्याआधी त्याला फोन करायचा, हा त्यातला व्यवहार. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत तलफ बळावते, हे सदस्य एकमेकांना वारंवार सांगतात. पोळ्याची संध्याकाळ, लग्नाची वरात, कापूस विकून हातात आलेली रक्कम हे प्रसंग त्यांत वऱ्हाडापुरते जोडावे लागतील.

पुन्हा प्यालेल्या सदस्याला काढून टाकत नाहीत. त्यास ‘स्लिप’ म्हणतात. पाय घसरला, एवढाच अर्थ. तो परत येतो, दिवस पुन्हा एकपासून मोजतो. वर्ष पूर्ण झाले की त्या दिवशी सभेत त्याचा ‘वाढदिवस’ साजरा होतो, आणि साठीच्या माणसाचा पहिला वाढदिवस हे दृश्य तेथे नवलाचे नसते.

कुटुंबीयांसाठी

अल-अ‍ॅनॉन ही कुटुंबीयांची स्वतंत्र संघटना विल्सन यांच्या पत्नी लोइस यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये सुरू झाली. किशोरवयीन मुलांसाठी ‘अल-अ‍ॅटीन’ आहे. पिणाऱ्याने सभेला जायचे नाकारले तरी पत्नीला, आईला किंवा मुलाला अल-अ‍ॅनॉनच्या सभेला जाता येते. त्याला दारू सोडायला कसे लावायचे, हा तेथील विषय नाही. त्याची उधारी फेडणे, कामावर ‘ताप आला आहे’ असा खोटा निरोप देणे, बाटल्या शोधत बसणे यांतून स्वतःला कसे सोडवायचे, हा आहे. घरात मारहाण होत असेल तर मात्र आधारगट हा पुरेसा उपाय नव्हे. महिला साहाय्यासाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

नातेवाइकांनी माणसाला बळजबरीने गाडीत घालून केंद्रात टाकण्याचे प्रकारही घडतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या व्याख्येत मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे. त्यामुळे संमती, गोपनीयता आणि माणुसकीची वागणूक हे रुग्णाचे हक्क येथेही लागू होतात. निवासी केंद्र निवडताना त्याची नोंदणी आहे का आणि डॉक्टर प्रत्यक्ष येतात का, हे पाहणे आवश्यक आहे.

परिणामकारकता व आक्षेप

हजेरीच नोंदली जात नसल्याने ए.ए.चे यश मोजणे दीर्घकाळ अवघड होते. कोक्रेन या संशोधन-आढावा संस्थेने २००६ मध्ये पुरावा अपुरा असल्याचे म्हटले होते. २०२० च्या नव्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्ती यांचा विचार झाला. ए.ए.कडे नेणाऱ्या सुनियोजित उपचारपद्धतीत वर्षाअखेर पूर्ण मद्यमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर इतर मानसोपचारांत सुमारे ३५ टक्के आढळले. हा फरक लक्षणीय आहे, चमत्कार नाही. शिवाय हे अभ्यास बहुतांशी अमेरिकेतील आहेत, आणि निम्म्याहून अधिक लोक दोन्हीकडे वर्षभर पूर्ण मद्यमुक्त राहू शकले नाहीत, हेही त्याच आकड्यांत दिसते.

बारा पायऱ्यांतील ईश्वराच्या उल्लेखावर आक्षेप घेतला जातो. ‘आपल्या समजुतीप्रमाणे असलेली शक्ती’ असा अर्थ घेण्याची मोकळीक असून, काही सदस्य गटालाच ती शक्ती मानतात. तरीही निरीश्वरवादी व्यक्तीला भाषा अडचणीची वाटू शकते. दारूपुढे आपण हतबल आहोत ही पहिली कबुलीही काहींना खटकते. भारतात स्त्रियांची उपस्थिती फार कमी असते. पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकटीने जाऊन बोलणे कठीण असल्याने स्त्रियांसाठी ऑनलाइन सभा अधिक उपयोगी पडतात. मुक्तांगणचा ‘निशिगंध’ हा खास स्त्रियांसाठीचा विभाग आहे.

नवा गट

जवळपास सभा नसेल तर ती सुरू करता येते. दारूपासून दूर राहण्याच्या हेतूने दोन-तीन मद्यपी एकत्र आले आणि गट म्हणून त्यांचा अन्य कशाशीही संबंध नसला, की ते स्वतःला ए.ए. गट म्हणवू शकतात, असे तिसरी परंपरा मानते. परवाना लागत नाही, कार्यकारिणी लागत नाही. मध्यवर्ती कार्यालयाला कळवले की वाचनाचे साहित्य मिळते आणि गटाचे नाव यादीत येते, म्हणजे पुढच्या शोधणाऱ्याला तो सापडतो.

जागा निवडताना तिचा रंग पाहावा लागतो. एखाद्या पुढाऱ्याचे कार्यालय, विशिष्ट समाजाचे भवन किंवा पोलीस ठाण्याला लागून असलेली खोली फुकट मिळाली तरी गैरसोयीची. तेथे शिरणारा माणूस कोणाच्या बाजूचा, असा प्रश्न गाव विचारते. शाळेची किंवा वाचनालयाची खोली बरी. जागा फुकट मिळत असली तरी नाममात्र भाडे देण्याची रीत आहे, कारण गटाने स्वावलंबी असावे अशी सातवी परंपरा सांगते. पहिले काही महिने दोघेच जण समोरासमोर बसलेले असतात. वार आणि वेळ बदलू नये, एखाद्या आठवड्यात कोणी आले नाही तरी खोली उघडावी, असे जुने सदस्य सांगतात. महिनोन्‌महिने लांबून खोलीकडे पाहणारा माणूस नेमका कोणत्या गुरुवारी आत शिरेल, हे ठरलेले नसते.